टेबल बाहेर

बाबा, तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण मला भीती वाटते आहे आणि घरात कोणाला सांगवत नाही. मी आता दिग्रसच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघते. बोरी अरबच्या शाळेत तुम्ही करायचात तेच, फक्त आता रोख पैसे नसतात. मुलांचे अर्ज मी संगणकावर तपासून पुढे पाठवते आणि पैसे सरकारकडून ज्याच्या त्याच्या आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मला वाटायचं, आपला पैशाला हातच लागत नाही, तर संशय कोण घेणार?

काल बी.एस्सी.च्या एका मुलीचे वडील चार-पाच माणसं सोबत घेऊन आले. ते इथेच गॅरेजमध्ये काम करतात. मुलीची शिष्यवृत्ती जमा झाली असं आमच्याकडे दिसतं, तिच्या पासबुकात मात्र काही नाही. फी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेत नाहीत आणि उद्या शेवटची तारीख. व्हरांड्यात माणसांचे आवाज आले तेव्हा मी खोलीत एकटी होते. दार बंद होतं. ते बाहेरून म्हणाले, "मॅडम, आम्ही भांडाले नाही आलो. पोरीचे पैसे कुठी गेले, तेवढं सांगा." मागून कोणीतरी म्हणालं, "अंदरून कडी लावून मोजून राह्यली असन." बाकीचे हसले. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. शेवटी प्राचार्यांनी त्यांची समजूत काढून त्यांना परत पाठवलं. दार का उघडलं नाही म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा कडी अडकली होती असं मी सांगितलं.

तेव्हापासून तुमचं ते टेबल डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या वर्षी पैसे उशिरा आले होते आणि शाळेच्या बाबूनं, म्हणजे तुम्ही, त्यातून म्हैस घेतली असं गावभर झालं होतं. वाटपाच्या दिवशी तुम्ही ऑफिसातलं टेबल उचलून निंबाखाली आणायला लावता. आयांना तिथेच बोलावता, एकेकीचा अंगठा घेता आणि नोटा तिच्याच हातानं मोजायला लावता. "कमी असन तर इथंच बोला, घरी जाऊन नोका बोलू," एवढंच म्हणता. मी मुलींच्या रांगेत उभी आहे आणि मला वाटतं, माझ्या बाबांना कशाचीच भीती नाही. संध्याकाळी तुम्ही भाकरीला हात लावला नाही. आईनं चहा पुढे केला आणि म्हणाली, "घ्या, तुमच्या म्हशीच्या दुधाचा." तुम्ही हसलात, पण बशी तोंडाशी नेताना अर्धा चहा सदऱ्यावर सांडला. "भेव वाटलं का?" आईनं विचारलं. "लय," तुम्ही म्हणालात. ते मी तेव्हा ऐकलं आणि विसरूनही गेले.

आज पाहिलं तर पैसे तिच्या पासबुकातल्या नव्हे, दुसऱ्याच बँकेत जमा झालेले दिसले. मग त्या मुलीला बोलावलं. दिवाळीनंतर कुठे अंगठा लावला होतास का, असं विचारलं. "सिम घेतलं न मॅडम. बाजारात छत्री लावून बसते तो. फुकट होतं." त्या माणसानं सिमबरोबर त्याच अंगठ्यावर तिच्या नावाचं नवं खातं उघडलं होतं आणि आधार त्या खात्यालाच जोडून टाकलं होतं. पैसे तिथेच पडून आहेत. मोबाईलवर मेसेजही आला होता, पण जाहिरात समजून तिनं तो उघडला नव्हता. आधी ती हसली, मग रडायला लागली. मी म्हटलं, घरी जाऊन वडिलांना सांग. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा मॅडम. मी सांगतलं तर त्यांले वाटन, तुम्ही शिकवून पाठवलं."

तिचं म्हणणं खरं आहे. उद्या सकाळी ते पुन्हा येणार आहेत, सोबत कालची माणसंही असतील. त्या छत्रीखाली आणखी किती मुलींनी अंगठा लावला, कोण जाणे. प्राचार्य म्हणतात, बाहेर काही बोलू नका, उगाच कॉलेजवर येईल. आणि मी उद्या सगळ्यांसमोर उभी राहून बोलले आणि कोणाला ते पटलंच नाही तर? मला याच गावात राहायचं आहे, याच बाजारात जायचं आहे.

शिपायाला मी सांगून ठेवलं आहे की सकाळी माझं टेबल व्हरांड्यात आणायचं. त्यानं विचारलं, "काहून मॅडम, पंखा बिघडला का?" मी हो म्हटलं. हा कागद त्याच टेबलाच्या खणात ठेवते आहे.

कडी अडकली नव्हती, बाबा. त्यांचा आवाज ऐकून मीच उठून ती लावली होती.