अकरा कोट आणि छावणीतला बँड

दादा,

तुम्ही ज्या माणसाचं नाव घरात काढू द्यायचा नाहीत, तो परवा सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. तुमचे बँडवाले चाचा. ऐंशीच्या पुढे गेलेत, कानात यंत्र आहे, क्लॅरनेट वाजवून पुढे आलेला खालचा ओठ तेवढा तसाच आहे. म्हणाले, शनिवारी औरंगाबादला, छावणीच्या मैदानावर लष्कराचा बँड वाजणार आहे, उघड्यावर, कुणीही यावं असा, तर तू मला घेऊन चल. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमच्या मयतीला हा माणूस रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला होता आणि आत आला नव्हता. एवढ्या वर्षांनी त्याला नेमकी माझीच गाडी कशी आठवली? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मी तुमचीच मुलगी, त्यामुळे हा कार्यक्रम खरोखर आहे का इथूनच सुरुवात केली. लेकीने मोबाइलवर पासची लिंक पाठवली तर त्यात आधार कार्डाचा नंबर मागितलेला. बँड ऐकायला आधार कशाला? त्यात पास फुकट म्हटल्यावर माझा संशय दुणावलाच. दोन ठिकाणी फोन केले, एकाचं उत्तर दुसऱ्याकडून तपासून घेतलं. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, अगं बँड ऐकायचाय, प्लॉट घ्यायचा नाही. पास आले तरी माझं समाधान होईना. कार्यक्रम संध्याकाळी सहाला, रस्ता तासाभराचा, आणि चाचा म्हणतात जालन्यातून दुपारी एक वाजताच निघू. विचारलं तर म्हणाले पुढची जागा पकडायची. मला वाटलं, तिथे कुणाला तरी भेटवायचं ठरवलंय यांनी. कुणाला, ते माझं मलाही सांगता येईना, पण त्या रात्री झोप काही लागली नाही.

तुमचा स्वभाव दुकानामुळे तसा झाला होता, असं मी धरून चालते. शिंपी कापड मारतो असं लोक तोंडावर म्हणत, म्हणून तुम्ही गिऱ्हाइकासमोर दोनदा मोजायचात आणि उरलेल्या चिंध्यासुद्धा पुडी बांधून परत करायचात. कुणी आपल्यावर संशय घेण्याआधी तुम्ही त्याच्यावर घेऊन मोकळे व्हायचात. एका चाचांवर मात्र तुमचा विश्वास होता. कुंडलिका नदीच्या पुलाजवळ, घराच्याच पुढच्या खोलीतल्या त्या दुकानात ते रोज दुपारी येऊन बसत, तुम्ही मशीन चालवत असायचात, ते बोटांनी टेबलावर ठेका धरायचे, मी जमिनीवर बसून बटणांची काजं करायचे. अकरा वर्षांची होते मी. तुम्ही मला पहिल्यांदा स्वतःची सुई दिलीत आणि बजावलंत की बोटात टोचली तरी चालेल, कापडाला डाग नको.

मग ते अकरा कोट आले. चाचांना लग्नात वाजवणाऱ्या त्यांच्या बँडसाठी लष्करासारखे लाल कोट हवे होते. कॅलेंडरवरचं चित्र समोर ठेवून तुम्ही ते शिवलेत, आणि चित्रात होत्या म्हणून बाहीवर तीन तीन फिती आणि छातीवर रंगीत पट्ट्याही लावल्यात. त्या फिती हुद्द्याच्या असतात, पट्ट्या कुणीतरी लढून कमावलेल्या असतात, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्हाला ती नक्षी वाटली. तरी कसली तरी शंका तुम्हाला आलीच असावी, कारण प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये लागणारं आपल्या दुकानाचं लेबल तुम्ही त्या कोटांना लावू दिलं नाहीत. दोघांचं ठरलं होतं की एकदा छावणीत जाऊन खरा बँड बघून यायचा, मग पुढचे कोट बराबर होतील.

राजूरच्या एका लग्नात एक निवृत्त सुभेदार पाहुणा होता. दुसऱ्या दिवशी तो आपल्या दुकानात उभा. तो ओरडला नाही, फक्त विचारलं की तुमच्या या ढोलवाल्याने कुठली लढाई मारली. गल्ली जमली. तुम्ही हात जोडलेत. दुकान कसं सापडलं असं तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला, तुमच्या बँडवाल्यांकडूनच कळलं. संध्याकाळी चाचा अकरा कोटांचं गाठोडं घेऊन आले, म्हणाले मी तुझं नाव घेतलं नाही, त्याने ढोलवाल्याची कॉलर उलटून लेबल वाचलं. तुम्ही आतून ब्लेड आणलंत, सगळ्यांसमोर एकेक फीत उसवलीत आणि प्रत्येक कोटाची कॉलर उलटून त्यांना दाखवलीत. अकरांपैकी एकातही लेबल नव्हतं.

"माझं नाव विकलंस अन् वर झूट बोलून राह्यलास," एवढंच तुम्ही म्हणालात. त्यानंतर तुम्ही आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवलेत.

दादा, लेबल होतं. ढोलवाल्याच्या कोटाची सगळी काजं मी एकटीने केली होती, तुम्ही त्यांतलं एकही उसवायला लावलं नव्हतं. एवढा देखणा कोट बिननावाचा गावोगाव फिरणार हे मला सहन झालं नाही. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी ते लावलं. आणि चाचांनी गाठोडं आणून ठेवलं, तुम्ही ब्लेड शोधायला आत गेलात, चाचा दारात जमलेल्यांना समजावत होते, तेवढ्यात मी दातांनी टाके तोडून ते काढलं, स्वयंपाकघरात जाऊन चुलीत टाकलं. आई भाकरी थापत होती. तिने काय जळतंय म्हणून विचारलं, मी चिंधी म्हणाले. बाहेर आले तेव्हा तुम्ही पहिली कॉलर उलटत होतात आणि चाचा अजून ठामपणे मान हलवत होते. सहाव्या-सातव्या कोटानंतर त्यांची मान हलायची थांबली. मला ते दिसत होतं आणि मी गप्प राहिले. मला लाज वाटते दादा, आणि ती वयाबरोबर कमी झालेली नाही.

म्हणून काल मीच चाचांकडे गेले. शनिवारी तासभर त्यांच्या शेजारी गाडीत बसायचं आणि हे माहीत असून बसायचं, हे मला जमणार नव्हतं. शिवाय वाटलं, यांना सगळं ठाऊक असेल आणि गाडीत मला कोंडीत पकडून वदवून घेणार असतील. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते धरून बसले होते की लेबल तुम्हीच लावलंत आणि अब्रू वाचवायला तुम्हीच काढलंत. माझ्याकडे का आलात, हेही विचारून घेतलं. म्हणाले, दोघं जाणार होतो, तो न्हाई तर त्याची पोरगी तरी बरोबर असावी. यात कसलाही डाव नव्हता. मी मात्र दोन दिवस डाव शोधत होते.

मी सगळं सांगून टाकलं. मग कानातलं यंत्र नीट बसवत त्यांनी विचारलं, "तुझ्या दादाला सांगितल्तं हे?"

"न्हाई."

"मंग अगुदर त्याला सांग. मंग बघू मी येतो का न्हाई ते."

ते रागाने म्हणाले की कसं, मला कळलं नाही. रागानेच असेल, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून हे लिहायला बसले. हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही हे मलाही कळतं. उद्या ते विचारतील आणि मी हो म्हणेन. ते मानतील का, ते आले नाहीत तर मी एकटी जाऊन काय ऐकणार, माहीत नाही.

एक गोष्ट चाचांनाही सांगितलेली नाही. तो सुभेदार दुकानात शिरून लेबलवरचं आपल्या दुकानाचं नाव मोठ्याने म्हणाला ना, तेव्हा मी घाबरले ती नंतर. आधी मला आनंद झाला होता.