बाबा ‘आता’ म्हणेपर्यंत

प्रिय दादा,

फोनवर भट्टीचा विषय निघाला की तुझ्याकडची रेंज नेमकी जाते, म्हणून पत्र लिहितेय. यात तुला मध्येच ‘बरं, ठेवतो’ म्हणता येणार नाही. शेवटपर्यंत वाच.

मी सुऱ्या करायला शिकतेय. हस, पोटभर हस. शाळेतली नोकरी सोडून बाबांच्या भट्टीपुढे उभी राहिले तेव्हा आईही हसली होती. आता हसत नाही, माझ्या हातांना मलम लावते आणि तोंडाने बडबडते. पहिलाच घाव असा हाणला की लालभडक पोलाद ऐरणीवरून उडालं आणि बाबांच्या चपलेवर पडलं. चप्पल गेली, पाय वाचला. पुढे पात्याला आकार येऊ लागला, पण तो बरेच दिवस सुरीपेक्षा चमच्याचाच होता. मनगट सुजलं, एक भुवई अर्धी जळाली. तरी खरं सांगू? मला आवडलं रे. तापलेलं पोलाद हातोड्याखाली हवं तसं वळतं. शाळेत माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

घोडं अडलं ते पाणी पाजताना. तुला हे सगळं पाठ आहे, पण मी इतकी चिडलेय की पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. म्हणायला पाणी पाजणं, म्हणजे तापलेलं पातं झटकन गार करून कडक करणं; बुडवायचं मात्र तेलात. पातं भट्टीत, चिमटा माझ्या हातात, खिडकीवर गोणपाट, म्हणजे अंधारात रंग नीट दिसावा. आणि रंग बघणार कोण? बाबा. ‘डोळा माझा, हात तुझा,’ हा त्यांचा नियम तुझ्या वेळी होता तोच. ते ‘आता’ म्हणाले की बाहेर काढायचं आणि बुडवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. मी नाही चालवलं. ते म्हणाले की बुडवलं. आणि दर वेळी तेलातून तो बारीकसा ‘टिक्’ आवाज! पातं तडकलेलं. आठवडा आठवडा घासून, ठोकून केलेलं पातं एका टिकमध्ये भंगारात.

मग बोलणी सुरू. तुझा हात जड आहे. तू बाहेर काढायला उशीर करतेस. तुझं लक्ष नसतं. मूग गिळून ऐकत होते, कारण शिकायला मीच गेले होते ना. एकदा मात्र राहवलं नाही, म्हटलं, बाबा, तुम्हीच एक करून दाखवा. तर म्हणाले, आजकालचं पोलादच भेसळीचं आहे, त्यात काय दाखवायचं! हल्ली ते स्वतः नवीन काहीच करत नाहीत, लोकांच्या जुन्या सुऱ्यांना धार लावून देतात. त्यात शेजारचा गॅरेजवाला जागेसाठी मागे लागलाय. बाबांनी जेवताना सांगून टाकलं, एक पातं धड निघालं तर भट्टी तुझी, नाहीतर उन्हाळा सरला की त्याला देऊन मोकळा होतो. दादा, मला ही भट्टी हवी आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी इतकं हवंय.

तेव्हा मी चोरून एक उद्योग केला. पोलाद बुडवण्याइतकं तापलं की लोहचुंबकाला चिकटत नाही, हे कुठेतरी वाचलं होतं. जुन्या रेडिओतलं लोहचुंबक काढून तारेला बांधलं आणि बाबांच्या नकळत तापत्या पात्याला लावून बघितलं. चिकटेना. वाटलं, बाबा ‘आता’ म्हणतील. म्हणाले नाहीत. पातं लालाचं केशरी झालं, केशरीचं पिवळं व्हायला लागलं, तरी बाबा गप्प. मी विचारलं, बाबा, रंग कसा आहे? म्हणाले, ‘काळपट आहे अजून, धीर धर.’ माझ्या डोळ्यांपुढे पातं दिव्यासारखं जळत होतं रे! माझी तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती, पण मी पातं सोडून बाबांच्या डोळ्यांकडेच बघत राहिले. ते ‘आता’ म्हणाले, मी बुडवलं, टिक् झालं, शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आडवे झाले तेव्हा मी एकटीने भट्टी पेटवली. चुंबक सुटलं, जरा थांबले, आणि कुणाच्याही ‘आता’शिवाय बुडवलं. आवाज नाही! कानस फिरवून बघितली तर काचेवरून सरकावी तशी सरकली, म्हणजे पातं पक्कं कडक झालेलं. मी त्या काळोख्या खोलीत एकटीच नाचले. तेच पातं दाखवलं असतं तर भट्टी माझी होती.

दाखवायला गेले नाही, कारण बाबा उठेपर्यंत ते लपवायला जागा शोधताना कपाटामागे एक खोकं सापडलं. त्यात तुझी पाती होती, मुठीत जाणाऱ्या शेपटीवर तुझी चांदणीची खूण ठोकलेली, सगळी तडकलेली. बाबांनी एकही फेकलेलं नाही. मी तुझ्या पात्यांचे तुकडे उजेडात धरले, आत साखरेसारखे जाड दाणे. माझ्या तडकलेल्यांत हुबेहूब तेच. आणि नीट तापलेल्यात काय दिसतं, हे बघायला मी माझं ते एकमेव धड पातं शिकंज्यात धरून मोडलं. हो, मोडलं. आत राखेसारखे बारीक दाणे.

दादा, तुझा हात चांगला होता. तुझी पाती जादा तापून तडकली, आणि तेव्हाही ‘आता’ बाबाच म्हणत होते. वहिनी सांगते, घरात साधा खिळा ठोकायचा झाला तरी तू सुताराला बोलावतोस, आपल्या हाताला लोखंड लाभत नाही म्हणतोस. ते आता बंद कर. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. नाही, आणखी एक आहे. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. चष्म्याचा नंबर बदलायचाय असं सांगून मी त्यांना पुढच्या मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. मला वाटतं मोतीबिंदूच आहे, म्हणून तर पिवळं पातंही त्यांना काळपट दिसतं; तो किती जुना आहे ते डॉक्टर सांगतील, आणि मग त्यांना सगळ्यात आधी तू आठवशील. त्या वेळी मी एकटी त्यांच्या शेजारी बसू शकणार नाही. सोमवारी ये.

वाट बघणारी, अर्ध्या भुवईची,
तुझीच छोटी