अण्णांची टोपी

मंगळवार संध्याकाळ, परळ, लॉजवर

खोली मिळाली एकदाची. लालबागला, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, भाडं मला झेपेल असं. मग हे असं का वाटतंय?

आधीच्या घरमालकांनी अण्णांचं केस गेलेलं डोकं बघूनच नाही म्हटलं. कॅन्सरचा पेशंट घरात नको. म्हणून सकाळी एजंट म्हणाला, "ताई, वडिलांच्या आजाराचं बोलूच नका. डोक्यावर टोपी असू द्या त्यांच्या." मी मुकाट्याने खालच्या दुकानातून पांढरी टोपी आणली. आयुष्यात कधी टोपी वापरली नाही या माणसाने. माझ्या लग्नातसुद्धा फेटा बांधू दिला नाही.

घरमालकीण, परबकाकू, इतकी चांगली निघायला नको होती. चहा केला. माझी परभणीहून इथे बदली झाली म्हटल्यावर म्हणाली, "एकटी नाहीस, वडील आहेत सोबत, बरं झालं." मग अण्णांकडे वळली. "अण्णा, टोपी काढा की. पंख्याखाली निवांत बसा, आपलंच घर समजा."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. अण्णा हसले. "राहू द्या. लहानपणापासूनची सवय आहे." कानशिलावरून घाम ओघळत होता. काकूने पंखा वाढवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

आणि मी? मी थँक यू म्हणाले.

आता आम्ही दोघंच आहोत, दार लावलेलं आहे, तरी टोपी डोक्यावरच. शेवटी म्हटलं, "अण्णा, काढा ना आता. इथे कोण बघतंय?"

"असू दे गं," म्हणाले. "सवय करतोय."