अडुसष्टचे पेढे

साखरखेर्डा

ती. सौ. सिंधूताईस धाकट्या अर्जुनाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? जळगाव जामोदला यंदा थंडी फार म्हणतात, तेव्हा पहाटे अंगणात जाऊ नकोस. आम्ही सारे खुशाल आहोत (हे रीतीप्रमाणे, खरं पुढे वाच). फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

आपली नात गार्गी दोन वर्षं खोकत होती, तुला ठाऊकच आहे. खोकला नेमका पहाटे नाहीतर पळताना यायचा. पस्तीस वर्षं शाळेत पोरांची ढोंगं पकडलेला माणूस मी, मला ते नाटक वाटलं. शिक्षा म्हणून दर रविवारी माळ्यावरचे माझे जुने हजेरीपट तिच्याकडून झाडून घेतले. (ती जास्तच खोकायची. मी म्हणायचो, बघा, नाटकही वाढलं.) शेवटी सूनबाईनं, रेवतीनं, माझं ऐकलं नाही आणि आम्ही तिघं बुलढाण्याला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिथे एका यंत्रात एका लयीत, सावकाश फुंकायचं होतं. परीक्षा म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला. मी मागून "जोरात! ताठ उभी राह्य!" सुरू केलं, तशी बाईंनी मला वर्गाबाहेर, म्हणजे बाकावर, बसवलं. (हा मान आजवर मी दुसऱ्यांना देत आलो.) जरा वेळानं रेवती रडवेली होऊन बाहेर आली. "बाबा, अडुसष्ट आले न हो!" मला वाटलं, आनंदाश्रू. पहिला वर्ग! मी समोरून पाव किलो पेढे आणले, कंपाउंडरपासून रांगेतल्या लेकरांपर्यंत वाटले आणि एक बाईंच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो बाजूला सारला. "काका, हे मार्क नाही होत. श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइड वायूचा आकडा आहे हा. लेकरांत पस्तिसाच्या वर गेला, म्हणजे ॲलर्जीनं श्वासनळ्या आतून सुजल्या असं आम्ही धरतो. घरात धूळ कुठं आहे?"

(पस्तीसला पास, एवढंच मला ठाऊक.) रेवतीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताई, ते फार लागलं. टेबलावरचा पेढा मी उचलून खिशात टाकला.

हजेरीपट रद्दीत गेले. श्वासाच्या औषधाचा पंप सुरू आहे. परवा आकडा एकतीस आला, आणि पस्तिसाच्या खाली आल्याचा आनंद मला जन्मात पहिल्यांदा झाला. गार्गी मैदानाला दोन फेऱ्या मारून आली. पण दोन वर्षांच्या त्या पहाटा मी तिला कुठून परत आणून देऊ?

तुझा,
अर्जुन

ता.क. : खरं काम हे. मी आजवर कुणा विद्यार्थ्याची माफी मागितली नाही, मला ती मागता येत नाही. तू मोठी आहेस. संक्रांतीला येशील तेव्हा माझ्या वतीनं तिला सांग, की आजोबा चुकले.

ता.क. २ : हजेरीपट उतरवताना माझा चष्मा फुटला. म्हणून हे सारं तोंडी सांगून लिहून घेतलं आहे. अक्षर गार्गीचं.

ता.क. ३ : सिंधूआजी, मी गार्गी. तू सांगू नको, मले समजलं. आजोबा भिंतीकडे पाहून सांगून राह्यले होते. त्यांनी इकडे पाहावं म्हणून मी दोनदा खोकलली. ते मात्र नाटक होतं.