गाद्या आपल्या आणल्यास किती कमी?

सोमवार, ७ नोव्हेंबर १९९४. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. बरोबर या वेळी नवी पेठेतला ट्रॅव्हल एजंट रतिलाल मला हसला.

प्रश्न साधा होता. मॉरिशस, सात रात्री, तीन बायका, एक खोली. तो म्हणाला, खोली रोजची पंचेचाळीस डॉलर. म्हणजे चौदाशे रुपये! विमानवाला तर काही ऐकणार नाही. कापायचं ते हॉटेलमध्येच. म्हणून विचारलं, गाद्या आमच्या आम्ही आणल्या तर किती कमी कराल?

यात हसण्यासारखं काय आहे? कुठल्याही लॉजवर खोली वेगळी, गादी वेगळी, गरम पाण्याची बादली वेगळी. आपल्याकडे वऱ्हाड निघालं की माणसांच्या आधी वळकट्या बसच्या टपावर चढतात. पण रतिलाल फसकन हसला. त्याच्या मागचा कारकूनही हसला. रतिलाल म्हणाला, "मॅडम, घागर पण घेऊन जा."

टेबलावरचा पत्र्याचा ग्लोब माझ्या हातून निसटला आणि त्याच्या कपाळावर गेला. हिंदी महासागराची बाजू लागली. टेंगूळ आलं. मी कुणावर हात उगारत नाही. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस आम्हाला लाकडी रुळाने बडवून बडवून शांतपणा शिकवत. तो अंगात मुरला आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४.

मॉरिशसच का, हे एकदा स्वतःपुरतं लिहून टाकते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. लंडन, नैरोबी, मस्कत, सगळीकडे जळगावकरांना जोडून दिलं. स्वतः नागपूरच्या पुढे गेले नाही. १९७२ साली मॉरिशसहून एका डाळमिलवाल्याला ट्रंक कॉल आला. इकडची लाइन लागेना. तिकडचा माणूस रिसीव्हर धरून गप्प उभा, आणि त्याच्या मागे समुद्र. खरखर होतीच, पण खरखरीच्या पाठीमागे समुद्र. मी रेल्वे क्वार्टरात वाढलेली. तोवर पोटात जाणारा आवाज म्हणजे इंजिनाचा.

हे कुणाला सांगणार नाही. लोक पुन्हा हसतील आणि तेव्हा हाताशी ग्लोब नसेल.

बुधवार, १६ नोव्हेंबर.

कमिटीची पहिली मीटिंग, माझ्या घरी, पिंप्राळ्याला. सभासद तीन. मी अध्यक्ष. दुसरी झुंबरबाई, शेजारीण, आमची भिंत एकच. नवऱ्याची डाळमिल आता मुलगा बघतो. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोली अजून तीच. तिसरी केसर, माझी मावसबहीण, नशिराबादची. पासपोर्टचे अर्ज तिघींनी भरले.

हॉटेल बजेटवर माझे निर्णय: गाद्या आपल्या. स्टोव्ह आपला. सकाळचा चहा, दोन्ही जेवणं खोलीतच. एक संध्याकाळ बाल्कनीत भरीत-पार्टी. हॉटेलच्या साबणाला हात लावायचा नाही, म्हणजे त्याचेही पैसे वजा.

झुंबरबाई म्हणाली, "अक्का, कसाले इतली खटपट? पैसा मन्हा पोर्‍या देई. बठ्ठा देई."

मी एक्स्चेंजची सुपरवायझर होते. कुणाच्या पोऱ्याच्या पैशावर समुद्र बघणार नाही. असं मी शांतपणे सांगितलं. सांगताना चिवड्याची बशी भिंतीवर आपटली, कारण ती हातात होती. केसर निमूटपणे शेंगदाणे वेचून खात बसली. मीटिंग खेळीमेळीत पार पडली.

शुक्रवार, २ डिसेंबर.

संकल्प: आजपासून रागावर ताबा. परदेशात आपण देशाचे प्रतिनिधी असतो.

त्याच दिवशी, ११ वाजता.

रिक्षावाल्याने स्टेशनपासून दोन रुपये जास्त मागितले. छत्रीच्या तीन काड्या मोडल्या. त्याच्या रिक्षाचा हॉर्नही निघून आला, तो परत देऊन टाकला, फेकून.

संकल्प १ जानेवारीपासून. वर्षाच्या मध्येच सुरू केलेलं काही टिकत नाही.

रविवार, १ जानेवारी १९९५.

रात्रभर विचार करून एक अप्रतिम कल्पना सुचली. तालीम! एक्स्चेंजमध्ये नवी मुलगी बोर्डावर बसवण्याआधी आम्ही तिच्याकडून खोटे कॉल जोडून घेत असू. तसंच आधी धुळ्याला एक रात्र लॉजमध्ये राहायचं. तेच मॉरिशस समजायचं. तोच स्टोव्ह, त्याच गाद्या, तेच भरीत. एका रात्रीचा खर्च गुणिले सात, की बजेट हातात. मग कागद रतिलालच्या नाकावर आपटायचा. म्हणजे ठेवायचा.

केसरने विचारलं, धुळ्याला समुद्र कुठे आहे? तिला बाहेर काढलं. तिच्या चपला मागून टाकल्या. एक तिला लागली, एक लागली नाही.

संकल्प संक्रांतीपासून.

रविवार, १५ जानेवारी. सकाळी ९. एस.टी.त.

तीन वळकट्या, एक स्टोव्ह, बामणोदची हिरवी वांगी आणि पऱ्हाट्यांचा भारा टपावर. कपाशीच्या काड्यांशिवाय भरताला वास येत नाही. मॉरिशसला पऱ्हाट्या न्यायला विमानवाला किती घेतो, हे रतिलालला विचारायचं राहिलं. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. फक्त तोंडी बोलले. एरंडोलपर्यंत बोलले.

दुपारी १. धुळे.

विजय! लॉजचा मॅनेजर हिलाल, संक्रांत कालच झालेली, त्याने तिघींना तिळगूळ दिला. मी प्रश्न विचारला. तो म्हणाला, "गाद्या तुमन्या शेतस? मंग पाच रुपया कमी, माय." हसला नाही, काही नाही. एका साध्या लॉजच्या मॅनेजरला जे कळतं, ते इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या रतिलालला कळत नाही. झुंबरबाईने टाळ्या वाजवल्या. ही बाई कधीकधी बरी वाटते.

खोलीला बाल्कनी आहे. समोर एस.टी. स्टँड. डोळे मिटले तर गाड्यांची घरघर लाटांसारखी वाटते. मी अर्धा तास मिटून बसले. केसरला वाटलं मला झोप लागली.

सोमवार, १६ जानेवारी. जळगाव. डाव्या हाताने लिहीत आहे.

तालीम एकंदरीत यशस्वी. किरकोळ गोष्टी घडल्या, त्या जशाच्या तशा लिहिते.

संध्याकाळी सहाला बाल्कनीत घमेल्यात पऱ्हाट्या पेटवल्या. केसर म्हणाली, वांग्यांना टोचे मार. कॉन्व्हेंटमध्ये डोमेस्टिक सायन्सला मला पहिलं बक्षीस होतं. टोचलं की रस जातो. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, त्यात तिचा अंगठा थोडा कापला.

पहिलं वांगं फुटलं ते स्टँडवरच्या लोकांनाही ऐकू गेलं. दुसरं माझ्या चष्म्यावर. तिसऱ्याने निखारे उडवले, ते खोलीत, माझ्या गादीवर. गेल्या वर्षीच नवा कापूस भरून घेतलेली गादी. भडकलीच. प्रसंगावधान राखून मी ती उचलली आणि बाल्कनीतून खाली फेकली. खाली हिलालची लूना उभी होती, हा माझा दोष नाही.

हिलाल बादली घेऊन वर आला. "ओ माय, हाई काय शे! लॉज शे का मसनवट?" असं म्हणून त्याने पाणी घमेल्यावर ओतायचं ते माझ्यावर ओतलं. तेव्हा माझ्या हातात देठाला धरलेलं गरम वांगं होतं. ते त्याच्या गालावर बसलं. मी हात उगारला नाही, वांगं उगारलं गेलं. तो मला ढकलून घमेल्याकडे जाऊ लागला, मी त्याची कॉलर धरली. झुंबरबाई मध्ये पडली, तिला माझं कोपर लागलं आणि तिचा पुढचा दात हलला. मग केसरने, जिने जन्मात मोठ्याने शिंक दिली नाही त्या केसरने, भाऱ्यातली पऱ्हाटी ओढून मला मारलं. दोनदा. दुसऱ्यांदा चुकून असावं.

मनगट मुरगळलं आहे. हिलालने नुकसानभरपाई घेतली आणि पोलिसांत तक्रारही लिहून दिली. मात्र गादीचे पाच रुपये वजा केलेलेच राहिले, हे नमूद करते. तत्त्व टिकलं.

परतीच्या बसमध्ये दोघींना कमिटीतून काढल्याचं जाहीर केलं. केसर म्हणाली, "बरं." झुंबरबाई पदर तोंडाला लावून बसली होती. पारोळ्याला तिने माझ्यासाठी उसाचा रस आणला. मी खिडकीबाहेर ओतला. खाली कुणीतरी होतं.

आता एकटी जाईन. एकटीला जास्त हवा लागते.

गुरुवार, ९ फेब्रुवारी.

पासपोर्टच्या चौकशीला जीवराम कॉन्स्टेबल आले. धुळ्याची तक्रार त्यांच्या कागदात होती. म्हणाले, घाबरू नका, शेजारी चांगलं सांगतील तर मी तसं लिहितो. म्हणून आधी झुंबरबाईकडे गेले.

भिंत एकच, सगळं ऐकू येतं. मी ऐकत नव्हते, कान तिथे होता. झुंबरबाई हलत्या दाताने सांगत होती, "साहेब, अक्का म्हनजे गरीब गाय शे. वीस वरीस जयात शेजारले. कोन्हाले एक चापट नही मारेल तिनी." जीवराम म्हणाले, "बरं झालं, तसंच लिहितो." आणि लिहीत लिहीत माझ्या अंगणात आले, आणि बुटासकट माझ्या उडदाच्या पापडांवरून चालत गेले. सकाळपासून लाटलेले. एक ओळ संपूर्ण.

लाटणं हातातच होतं. टोपी गटारात गेली. डोकं आता टोपीत नव्हतं, त्यामुळे तिथेही एक बसलं.

झुंबरबाई दारात उभी राहून सगळं पाहत होती. तिने आत जाऊन दार हळूच लावून घेतलं. इतकं हळू की मला राग आला. मग मी पापड पुन्हा लाटले.

शुक्रवार, ३ मार्च.

पासपोर्ट नामंजूर. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. एका ओळीचं पत्र, इंग्रजीत, त्यात स्पेलिंगची एक चूक. चूक लाल पेन्सिलने सुधारून परत पाठवलं.

एकतीस वर्षांत मी एकही कॉल तुटू दिला नाही.

मंगळवार, १४ मार्च.

झुंबरबाईच्या ओट्यावर नवी बॅग. खाली चाकं. वळकटी दिसली नाही. केसर नशिराबादहून आली आहे. दोघींचे पासपोर्ट कधीचेच आले होते म्हणे. उद्या मुंबई, तिथून विमान. झुंबरबाई दाराशी आली होती, मी कडी काढली नाही. ती बाहेरून म्हणाली, "अक्का, काही आनू का तुले?" मी आतून दारावर तवा मारला. ती गेली.

तव्याला खड्डा पडला. भाकरी आता एका बाजूला कच्ची राहते.

बुधवार, २२ मार्च. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

फोन वाजला. पलीकडची खरखर ऐकताच ओळखलं. लांबचा कॉल. झुंबरबाई.

लांबच्या कॉलवर सगळेच ओरडतात, तीही ओरडत होती. म्हणाली, "अक्का, सकायना नाश्ता बी फुकट शे! गाद्या इतल्या जाड का मी चढूच नही शकनू, केसरनी उचलीसन टाकं." मग आवाज खाली आला. म्हणाली की खोली तीन खाटांची घेतली होती, मार्चपर्यंत तुझा पासपोर्ट येईल असं धरून. तिसऱ्या खाटेचे वेगळे पैसे नाहीतच. खोलीचे ते खोलीचे. कितीही जणी झोपा. "तिसरी खाट रिकामीच शे, अक्का. तिनावर बॅग बी नही ठेवेल."

म्हणजे माझं बजेट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. गादीचे पैसे ते घेतच नाहीत.

मी काहीतरी कठोर बोलणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "ऐक," आणि बोलायची थांबली. बाल्कनीत नेऊन रिसीव्हर बाहेर धरला असावा. केसर मागून काहीतरी म्हणाली, तिला झुंबरबाईने गप्प केलं.

हाताशी फेकण्यासारखं पुष्कळ होतं. फुलदाणी, बत्ता, खड्डा पडलेला तवा. मी खरखरीच्या पाठीमागचं ऐकत उभी राहिले.

पूर्वीच्या सवयीने घड्याळाकडे लक्ष होतं. तीन मिनिटं झाल्यावर मी जो आवाज एकतीस वर्षं काढला त्याच आवाजात म्हणाले, "थ्री मिनिट्स ओव्हर," आणि रिसीव्हर खाली ठेवला. नीट ठेवला. आपटला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

त्याच दिवशी, ८ वाजता. झुंबरबाईला द्यायच्या पत्राचा मसुदा:

"सौजन्यपूर्वक कळवण्यात येते की आपण मला विश्वासात न घेता, माझ्या परवानगीशिवाय, माझ्या नावाने खाट राखून ठेवली. याबद्दल तीव्र निषेध. आपण रविवारी परत येत आहात. पुढील प्रश्नाचं उत्तर द्यावं: सदर तिसरी खाट बाल्कनीच्या बाजूला होती की भिंतीच्या? रात्री दार बंद केल्यावर तिच्यावरून ऐकू येतं का?

उत्तर लेखी हवं, शुक्रवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. खिडकीतून आत टाकावं. खिडकी उघडी ठेवते. तोंडी उत्तर स्वीकारलं जाणार नाही. पुन्हा फोन करून ऐकवाल, तर तेही चालणार नाही."