टाळीसाठी आलेलं वाक्य

४ जून
आज पुन्हा ॲक्युपंक्चरच्या सुया. पायाच्या अंगठ्याशेजारी, गुडघ्याखाली, कोपराच्या घडीत. केदार टोचतो ते कळतही नाही, हे कबूल. "आई, अर्धा तास हलायचं नाही. आणि बोलायचंही नाही." जन्मभर बोलत आलेल्या सासूला हे सांगायला जावयाला मजा येत असणार.
पडून राहिले. अंग सैल पडलं. बी.पी. खाली आलं. पण सकाळची गोळी घेतलेली होतीच, तेव्हा श्रेय नक्की कुणाचं? केदारही तेच म्हणतो: सुई गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही. शहाणा मुलगा.

८ जून
केदारच्या क्लिनिकचा वर्धापनदिन. मुक्ताला आधीच बजावलं होतं, मी नुसती येऊन बसेन. लेक "हो" म्हणाली आणि शाल आणवली. शाल आली, नारळ आला, आणि मग यायचं ते आलंच: "ताईंनी दोन शब्द बोलावेत." आपल्याकडे खांद्यावर शाल पडल्यावर गप्प बसता येत नाही.
सुरुवात सावध केली. बुवाबाजीविरुद्ध तीस वर्षं भांडले, प्रश्न विचारल्याशिवाय काही स्वीकारलं नाही, वगैरे. मग सभा हातात आली. ती आली की मला कळतं, आणि मग मी माझी राहत नाही. म्हणाले, "गोळी ही ताबेदारी आहे, सुई ही शिस्त आहे."
टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत अण्णा, माझा थोरला भाऊ. कांद्याचा व्यापार सोडून देवळ्याहून माझ्या प्रत्येक व्याख्यानाला येतो. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्याच्या.
नंतर केदार हळूच, "आई, गोळीबद्दल तसं नको होतं."
"अरे, बोलण्याच्या ओघात येतं एखादं वाक्य."

१९ जून
सुया लावून पडले होते. पडद्यापलीकडे बसायच्या खोलीत टीव्ही लागला आणि माझाच आवाज. मुक्ताने भाषणातलं तेवढंच वाक्य कापून लावलंय. ताबेदारी, शिस्त, टाळ्या. पुन्हा ताबेदारी.
दोन बायका बोलत होत्या.
"ह्या त्याच ना, बुवांच्या मागं लागणाऱ्या?"
"हो तर. कुणाच्या बापाचं न ऐकणारी बाई. ती म्हणते म्हणजे असणारच. मी तर परवापासून गोळी बंदच केली."
"केदार," मी हाक मारली. टीव्हीतल्या माझ्या आवाजाखाली ती बुडाली. हातापायांत सुया. स्वतःला ऐकत पडून राहिले.
केदार आल्यावर सांगितलं. तो तसाच बाहेर गेला आणि त्या बाईला म्हणाला, गोळी सोडू नका. उत्तर मला आत ऐकू आलं: "तुमच्या सासूबाई तर वेगळंच म्हणतात, डॉक्टर."

२० जून
मुक्ताला म्हटलं, ती क्लिप काढ.
"आई, आत्ता कुठे लोक यायला लागलेत. इतके दिवस आम्ही दोघं रिकाम्या खुर्च्या पुसत बसायचो, तू पाहिलंयस. आता तू मागे फिरलीस तर लोक म्हणतील, सुईच खोटी."
"सुई खोटी नाही. माझं वाक्य खोटं आहे."
"ते तुला कळतं. लोकांना नाही."
महिनाअखेर कळवणला दुसरी शाखा. उद्घाटन माझ्या हस्ते, पत्रिका छापून वाटून झाल्या. मी अडवलं तर लेकीचा संसार अडतो. नाही अडवलं तर... क्लिप आहे तिथेच आहे.

२४ जून
सकाळीच वहिनीचा फोन. "ताई, यांनी बी.पी.च्या गोळ्या सोडल्यात. तुमचं भाषण ऐकून आले तवापासून. आज उठले तं तोल गेला, भिंत धरून उभे ऱ्हायले."
हे माझ्या डोक्यात आलंच कसं नाही? लोकांची काळजी करत बसले. पहिल्या रांगेतला माणूस विसरले.
तशीच देवळ्याला. अण्णा ओट्यावर, शेजाऱ्याला मोबाईलवर माझीच क्लिप दाखवत होता. चेहरा तांबडालाल.
म्हटलं, "गोळी घे. आत्ता. मी स्वतः रोज घेते."
"तू घेतीस?"
"रोज सकाळी."
"मंग तिथं काय बोलली?"
"ते भाषण होतं, अण्णा."
त्याने मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुह्या भाषणावरनं मी अंगारा सोडला. देवऋषी दारात येऊ देणं बंद केलं, भाऊबंदकीत वाईट झालो. ते बी नुसतं भाषणच होतं का मंग?"
इतक्या सभा, इतके वाद. आणि मी मोबाईलवर डॉक्टरचा नंबर शोधू लागले.
तालुक्याच्या डॉक्टरला घरी आणलं. आकडा इथे लिहवत नाही. त्यांनी समजावलं, मी हात जोडले. अण्णा हलेना. "मी इथं लोकांना सांगून बसलो. तू घरात येऊन कानात सांगतीस. चारचौघांत बोलली, तं चारचौघांत फिरव. कळवणला सांग, तवा घेतो."
निघताना वहिनीला म्हटलं, गोळी वरणात कुटून घाला. "घातली होती. पहिल्या घासाला ताट सरकवलं. म्हणे, आता घरात बी फितुरी?"

२५ जून
केदार, मुक्ता दोघांना समोर बसवून सांगितलं: कळवणला मी हे बोलणार.
मुक्ता: "मामाला आपण नाशिकला ॲडमिट करू. पण उद्घाटनाच्या दिवशी नको."
"तो येणार नाही."
केदार म्हणाला, "आई बरोबर बोलतायत."
मुक्ता त्याच्याकडे वळली. "तू सुया लाव. माणसं कशी आणायची ते मी बघते."
 हिला हट्ट कुणी शिकवला, हे विचारायची सोय नाही.

२६ जून
अण्णाला दोनदा फोन. "कळवणला भेटू." बास.
माझंही डोकं जड. केदारने सुया लावल्या. आज अंग सैल पडलं नाही.

२९ जून
कळवणहून आत्ताच परत. आधी लिहून काढते.
निघण्याआधी मुक्ताने माझं बी.पी. मोजलं. वर. ती म्हणाली, "झालं. आज फक्त फीत काप. भाषण नाही." आवाजात काळजी होती. सुटकाही होती. केदारने पुन्हा मोजलं, पुन्हा वर. आता त्यालाही काही म्हणता येईना. माझ्याच रक्ताने माझा माईक काढून घेतला.
फीत कापली. सूत्रसंचालक: "प्रकृतीच्या कारणाने ताई आज बोलणार नाहीत, आपल्याला केवळ आशीर्वाद देतील." पहिल्या रांगेत अण्णा. वहिनी त्याचा दंड धरून. बसल्या जागी तो किंचित डुलत होता.
उठले. माईक नाही, काही नाही. म्हणाले, "मी बी.पी.ची गोळी रोज घेते. त्या दिवशी बोलले तेव्हाही घेऊन आले होते. ताबेदारीचं वाक्य टाळीसाठी आलं, ते चूक होतं. इथे सुया जरूर घ्या, मीही घेते. पण गोळी सोडू नका. ज्यांनी सोडली असेल त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा."
 मग मागून एक टाळी. मग सगळ्यांनीच. कुणीतरी म्हणालं, "बघा, प्रकृती बरी नसताना काय बोलल्या ताई." मुक्ता उठून आत गेली. केदार मान खाली घालून उभा.
अण्णाने टाळी वाजवली नाही. वहिनीने त्याला गाडीत बसवलं, तेव्हा मी काचेपाशी गेले. त्याने काच खाली केली.
"सुमन, हे खरं होतं का भाषण?"
"खरं," मी म्हणाले.
तेवढा एक शब्दही मला सभेतल्या आवाजात ऐकू आला. अण्णाला काय ऐकू आलं, कळलं नाही. त्याने काच वर केली, आणि गाडी देवळ्याच्या रस्त्याला लागली.