कागदी दासीचा चेहरा

लुकांग, शनिवार

ती. आईस,

आजीच्या अंगणातून युवेनचा नमस्कार. इथलं सगळं रीतीप्रमाणे चाललंय. मामा रोज सकाळी आजीच्या फोटोपुढे तोंड धुवायला कोमट पाणी ठेवतो. ऑपरेशनमुळे आजीच्या अंत्यविधीला येता आलं नाही म्हणून रडत बसू नकोस, टाके दुखतील. डॉक्टर काय म्हणाले?

जाळलेलं सगळं आजीला तिकडे मिळतं, म्हणून तिच्यासाठी जाळायच्या कागदी घरातली दासी मी रंगवली. पसंत आहे का, हे आजीला विचारायला मामाने दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की होकार. तीनदा टाकली, तिन्ही वेळा दोन्ही काटे.

मामा म्हणाला, "म्हातारी गेली, पण नाक मुरडायची सवय गेली नाही."

मामीने वाकून पाहिलं. "अगं, ही तर तुझी आईच. जिवंत माणसाला जाळायला निघालीस?"

खरंच, माझा हात आपोआप तसा वळला होता. मी भुवया जाड केल्या, गालावर तीळ काढला. लगेच होकार आला.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आईची सेवा करायला मीच तिच्याबरोबर जायला हवं होतं." आई, आम्ही तीनदा विचारलं. आजीला तू तिथं नको आहेस.

गोळ्या वेळेवर घे.

तुझीच,
युवेन